कोंबडीच्या ताटात काय पडतं, ते शेवटी आपल्याच ताटात येतं

चिकनचा दर वाढला की आपल्या घरांत पहिली चर्चा दुकानदारावर होते. दुकानदार डीलरकडे बोट दाखवतो, डीलर कंपनीकडे, कंपनी मका आणि सोयाकडे. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण मका-सोया म्हणजे नेमकं काय, कोंबडीला त्यातलं काय लागतं, आणि गेल्या काही वर्षांत सरकारच्या इथेनॉल धोरणामुळे त्या खाद्यात काय बदललं, यावर मराठीत फारसं बोललं जात नाही. हा विषय प्रयोगशाळेतला वाटतो. पण शेडवाला शेतकरी, दुकानदार आणि रविवारी एक किलो चिकन आणणारं कुटुंब, तिघांचाही खिसा त्यात अडकलेला आहे. आणि आपल्यासाठी त्यात हलाल आणि तय्यबचा प्रश्नही आहे.

चिकनवर आपला भार किती आहे, ते आधी बघू. २०१५च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात बैल आणि वळूच्या कत्तलीवर बंदी आली. म्हशीचं मांस कायद्याने चालू राहिलं, पण रस्त्यावरच्या दहशतीमुळे तो व्यवसायही अडचणीत आला. २०२५मध्ये कथित गोरक्षकांच्या त्रासाला कंटाळून कुरेशी समाजाने राज्यात जनावरांची खरेदी-विक्रीच बंद ठेवली होती. मटणाचा दर सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेलेला. राहिली ती अंडी आणि ब्रॉयलर कोंबडी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या १०० मुलांपैकी ३५ मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. अशा राज्यात स्वस्त आणि चांगल्या प्रथिनाचा हा मार्ग महागणं किंवा बिघडणं परवडणारं नाही.

प्रथिन किती, यापेक्षा कोणतं

फीडच्या पोत्यावर एक आकडा ठळक लिहिलेला असतो: क्रूड प्रोटीन इतके टक्के. शेतकरी तोच वाचतो. पण कोंबडीच्या शरीराला "प्रथिन" लागत नाही, प्रथिन ज्यापासून बनतं ती अमिनो आम्लं लागतात. लायसिन, मेथिओनिन, थ्रिओनिन, आर्जिनिन, व्हॅलिन, ट्रिप्टोफॅन वगैरे. यातली दहाच्या आसपास पिल्लाचं शरीर स्वतः तयार करू शकत नाही किंवा पुरेशी करू शकत नाही, ती खाद्यातूनच मिळावी लागतात.

दर्ज्याला विचारा, तो पटकन समजावेल. कापड दहा शर्टांचं आहे, पण बटणं सहाच शर्टांपुरती आहेत. मग शर्ट सहाच होणार. उरलेलं कापड कितीही भारी असो, उपयोग नाही. कोंबडीचंही तसंच. एखादं अमिनो आम्ल कमी पडलं की मांस तेवढ्यावरच थांबतं. उरलेली अमिनो आम्लं शरीर साठवून ठेवत नाही. ती मोडून काढतं आणि त्यातला नायट्रोजन विष्ठेवाटे बाहेर टाकतं. शेडमध्ये डोळे चुरचुरतात तो अमोनियाचा वास यातूनच येतो. तूस ओलं होतं, पिल्लांचे तळवे भाजल्यासारखे होतात, श्वासाचे आजार वाढतात आणि शेजारचे लोक ग्रामपंचायतीत तक्रार करतात. म्हणजे जादा प्रथिन घालून तूट भरून काढायची म्हटली, तर पैसाही जातो आणि घाणही वाढते.

जगभरात हे मोजमाप बहुतेक वेळा कोवळ्या नर पिल्लांवर केलं गेलं. त्याचं कारण साधं आहे. अंड्यातून निघालेलं ब्रॉयलर पिल्लू चाळीस-बेचाळीस ग्रॅमचं असतं आणि पहिल्याच आठवड्यात चौपटीहून जास्त होतं. त्यातही नर मादीपेक्षा वेगाने वाढतो, त्याच्या अंगावर मांस जास्त आणि चरबी कमी चढते. त्यामुळे खाद्यात लायसिन थोडं जरी कमी झालं तरी नर पिल्लाच्या वजनात ते लगेच दिसतं. पिल्लांचे गट करायचे, प्रत्येक गटाला एकाच अमिनो आम्लाचं वेगवेगळं प्रमाण द्यायचं, वजन आणि खाल्लेलं खाद्य मोजायचं. ज्या प्रमाणानंतर वाढ पुढे सरकत नाही, ती गरज. अशा असंख्य प्रयोगांवरून अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९४मध्ये जे तक्ते छापले, ते आजही आधार मानले जातात. पहिल्या तीन आठवड्यांत खाद्यात प्रथिन २३ टक्के, लायसिन १.१० टक्के, मेथिओनिन ०.५० टक्के, थ्रिओनिन ०.८० टक्के. तीन ते सहा आठवड्यांत प्रथिन २० टक्के, लायसिन १.०० आणि मेथिओनिन ०.३८ टक्के. वय वाढतं तशी टक्केवारी उतरते. आजच्या जाती त्या काळच्या कोंबडीपेक्षा बऱ्याच वेगाने वाढतात, म्हणून कंपन्यांचे आजचे आकडे पहिल्या दिवसांसाठी याहून वरचे असतात.

इलिनॉय विद्यापीठातले डेव्हिड बेकर यांनी यात एक सोपी पद्धत रुजवली. लायसिनला १०० धरायचं आणि बाकीची अमिनो आम्लं त्याच्या हिशेबात मांडायची. मेथिओनिन आणि सिस्टीन मिळून ७२च्या आसपास, थ्रिओनिन ६७च्या आसपास, अशी. लायसिन ठरलं की बाकीचं आपोआप ठरतं. आपल्याकडे शेडमध्ये नर-मादी एकत्रच वाढतात, त्यामुळे नराच्या गरजेवर बेतलेलं खाद्य मादीला थोडं जास्तच होतं. फीड मिलवाले मधला मार्ग काढतात.

मका, सोया आणि चिमूटभर पावडर

आपल्या देशातल्या ब्रॉयलर खाद्याचा कणा म्हणजे मका आणि सोयाबीनची पेंड. मक्यातून ऊर्जा, पेंडीतून प्रथिन. मक्यात लायसिन फारच कमी, पाव टक्क्याच्या आसपास. सोयापेंडीत पावणेतीन टक्क्यांच्या घरात. म्हणजे लायसिनचा जवळजवळ सगळा भार सोयावर आहे. आपल्या घरात खिचडी किंवा डाळ-भात का चालत आला, तेही हेच. तांदळात लायसिन कमी, डाळीत भरपूर.

पण सोयाची एक कमतरता आहे, मेथिओनिन. मका-सोयाचं खाद्य कितीही नीट जमवलं तरी पिल्लाच्या गरजेच्या मानाने पहिली तूट मेथिओनिनची पडते. ती भरून काढायला टनामागे साधारण दोन किलो मेथिओनिनची पावडर टाकावी लागते. हे मेथिओनिन रासायनिक कारखान्यात बनतं, काही ठिकाणी जिवाणूंच्या किण्वनातूनही. लायसिन मात्र साखर किंवा स्टार्चवर वाढवलेल्या जिवाणूंकडून बनवून घेतात. मेथिओनिनसाठी भारत मोठ्या प्रमाणात आयातीवर अवलंबून आहे. परदेशातला एखादा मोठा कारखाना बंद पडला किंवा जहाजाचं भाडं वाढलं, की त्याचा परिणाम सांगलीच्या फीड मिलपर्यंत पोहोचतो.

२०२१मध्ये हे सगळं एकदम उघडं पडलं. त्या ऑगस्टमध्ये सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेला. खाद्य हा ब्रॉयलरच्या खर्चाचा दोन तृतीयांशाहून मोठा भाग. पोल्ट्रीवाल्यांनी ओरड केली आणि केंद्र सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला पहिल्यांदाच परवानगी दिली. न्हावा शेवा हे त्यासाठीचं एक बंदर होतं. मराठवाडा-विदर्भातल्या सोयाबीन शेतकऱ्यांच्या संघटना चिडल्या, कारण हंगामाच्या तोंडावर भाव पडणार होता. पोल्ट्रीवाले म्हणाले, आमची पिल्लं उपाशी मरायची का? दोघेही आपापल्या जागी खरे होते. भांडण वरवर पेंडीचं, आतून लायसिनचं.

इथेनॉल आलं आणि बाजार फिरला

त्यानंतर चित्र उलटं झालं. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट सरकारने २०३० वरून २०२५ वर आणलं. डिसेंबर २०२३मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर बंधनं आली आणि कारखाने धान्याकडे वळले. मका हा इथेनॉलचा मोठा कच्चा माल झाला, सरकारी गोदामांतला तांदूळही दिला गेला. कोंबडीच्या तोंडचा मका गाडीच्या टाकीत जाऊ लागला. मका निर्यात करणारा आपला देश २०२४मध्ये मका आयात करू लागला.

इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो, तो वाळवून खाद्य म्हणून विकतात. त्याला बाजारात डीडीजीएस म्हणतात. एक टन मक्यामागे साधारण ३०० किलो. मक्यातला स्टार्च निघून गेल्यामुळे उरलेलं सगळं तिपटीच्या आसपास घट्ट होतं. आठ-नऊ टक्के प्रथिनाचा मका २७ टक्क्यांच्या आसपास जातो. तांदळाचा डीडीजीएस तर प्रथिनात सोयापेंडीच्या बरोबरीला येतो. आणि भाव पेंडीपेक्षा बराच कमी. साहजिकच फीड मिलवाले त्याकडे वळले आणि सोयापेंडीची मागणी घसरली. २०२४च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, पण राज्यातल्या बाजार समित्यांत शेतकऱ्याला त्याहून कितीतरी कमी भाव मिळाला. खाद्यतेलाची आयात आणि जगातलं भरघोस पीक ही कारणं होतीच, पण स्वस्त डीडीजीएसनेही पेंडीचा भाव दाबला, अशी सोया प्रक्रिया उद्योगाची तक्रार आहे.

शेडवाल्याला यातून स्वस्त खाद्य मिळालं का? पोत्याच्या भावात थोडंफार मिळालं असेल. पण पिल्लाच्या पोटाचा हिशेब वेगळा आहे.

पहिली गोष्ट, डीडीजीएसचं प्रथिन म्हणजे मक्याचं किंवा तांदळाचंच प्रथिन. त्यात लायसिन मुळातच कमी. तांदळाच्या डीडीजीएसमध्ये प्रथिन सोयापेंडीइतकं दिसतं, पण लायसिन तिच्या निम्म्याहूनही कमी असतं. दुसरी गोष्ट, चोथा वाळवताना जास्त तापला की त्यातलं लायसिन साखरेशी चिकटून बसतं. बिर्याणीचा कांदा तळताना तपकिरी होतो, त्याच जातीची ही प्रक्रिया. असं लायसिन प्रयोगशाळेत मोजलं तर काही प्रमाणात दिसतं, पण पिल्लाला ते पचत नाही. म्हणूनच गडद, जळका माल घेऊ नये असं जाणकार सांगतात. तिसरी गोष्ट बुरशीच्या विषाची. मक्यात अफ्लाटॉक्सिन असेल तर चोथ्यात तेही तिपटीच्या आसपास होतं. पिल्लाचं यकृत खराब होतं, लसीचाही नीट परिणाम होत नाही.

डीडीजीएस वाईटच, असा याचा अर्थ घेऊ नये. चांगला वाळवलेला, तपासलेला माल माफक प्रमाणात वापरला आणि तेवढं लायसिन-थ्रिओनिन वरून घातलं, तर कोंबडी व्यवस्थित वाढते. अडचण आहे ती, ते घातलं की नाही हे पोत्यावरच्या क्रूड प्रोटीनच्या आकड्यावरून कळत नाही. हा आकडा खाद्यातला नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणून काढतात. नायट्रोजन कुठून आला, हे त्याला ठाऊक नसतं. २००८मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळून प्रथिनाचा आकडा फुगवला गेला आणि त्याच वर्षी हाँगकाँगमध्ये अंड्यांतही मेलामाइन सापडलं, कोंबड्यांच्या खाद्यातून आलेलं. एका आकड्यावर आंधळा विश्वास ठेवला की असं होतं.

तोटा कुणाच्या खात्यावर

आता हिशेब करू. समजा दोन किलोची कोंबडी तयार व्हायला एका किलोमागे १.६ किलो खाद्य लागतं. याला आपले शेडवाले एफसीआर म्हणतात. खाद्यात लायसिन कमी पडलं आणि हा आकडा १.७ वर गेला, तर कोंबडीमागे २०० ग्रॅम खाद्य जास्त गेलं. पाच हजार पक्ष्यांच्या शेडला एक टन. चाळीस रुपये किलोने धरलं तर एका बॅचला चाळीस हजार रुपये. वर्षात पाच बॅच निघाल्या तर दोन लाख.

स्वतःचं खाद्य विकत घेणारा शेतकरी हे पैसे थेट गमावतो. पण आज राज्यातले बहुतेक छोटे शेडवाले कंपनीच्या करारावर आहेत. पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड, लाईट, पाणी, तूस आणि मेहनत शेतकऱ्याची. शेवटी त्याला किलोमागे जे पैसे मिळतात, ते एफसीआर आणि मरतुकीवर ठरतात. म्हणजे खाद्य कसं असावं हे ठरवणारा एक, आणि खाद्य हलकं निघालं तर ज्याचा दर कापला जातो तो दुसराच. सुपरवायझर म्हणणार, तुमचं व्यवस्थापन कमी पडलं. शेतकऱ्याकडे उत्तर द्यायला कागदच नाही, कारण पोत्यात पचणारं लायसिन किती होतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. कर्ज काढून शेड बांधलेल्या आपल्या अनेक तरुणांची अडचण नेमकी हीच आहे.

हलाल तर आहे, तय्यब आहे का?

आता आपल्या वाचकांच्या मनातला प्रश्न. हजरत अबू मूसा अश्अरी (रजि.) यांच्या रिवायतीत येतं की नबी करीम (स.) यांनी कोंबडीचं मांस खाल्लं आहे. त्याच रिवायतीत एका माणसाचा उल्लेख आहे. त्याने कोंबडीला घाण खाताना पाहिलं होतं, म्हणून तो जेवायला बसत नव्हता. म्हणजे कोंबडी काय खाते, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. फिकहच्या किताबांत याला जल्लालाचा मसला म्हणतात. जे जनावर प्रामुख्याने नजासत खातं आणि त्याच्या मांसात तिचा असर येतो, त्याला काही दिवस बांधून स्वच्छ चारा द्यायचा आणि मगच जबह करायचं. कोंबडीसाठी तीन दिवसांचा उल्लेख मिळतो.

आजच्या शेडमध्ये हा प्रश्न उकिरड्याचा राहिलेला नाही, तो पोत्यातल्या घटकांचा झाला आहे. लायसिन स्वस्तात कुठून मिळेल, हे शोधताना फीड मिलवाल्यासमोर मासळीचा चुरा असतो, तसंच मांस-हाडांचा आणि रक्ताचा चुराही असतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत दूध आणि मांस देणाऱ्या जनावरांना गोवंश किंवा डुकरापासूनचा मांस-हाडांचा चुरा, रक्त वगैरे देण्यास मनाई आहे. पण त्याच नियमात कोंबडी, डुक्कर आणि मासे यांना वगळलेलं आहे. म्हणजे कोंबडीच्या खाद्यात असा चुरा येण्याला या नियमाची आडकाठी नाही. देशातली बहुतेक मोठी खाद्यं मका-सोयावरच असतात आणि उगाच घबराट पसरवण्याचं कारण नाही. पण ज्या ग्राहकाला हे जाणून घ्यायचं आहे, त्याला ते पोत्यावर किंवा दुकानात वाचता आलं पाहिजे. यात केवळ मुसलमानांचा हक्क नाही. शुद्ध शाकाहारी खाद्यावर वाढलेली अंडी-कोंबडी हवी असणारे इतर धर्मीयही कमी नाहीत.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पावडरचं लायसिन-मेथिओनिन म्हणजे "केमिकल" किंवा "हार्मोन", असे मेसेज मोबाईलवर फिरतात. अमिनो आम्ल हार्मोन नाही. ब्रॉयलर लवकर वाढतो तो जातीच्या निवडीमुळे आणि नेमक्या खाद्यामुळे. उलट ही पावडर नीट वापरली तर प्राण्यांच्या चुऱ्याची गरजच उरत नाही, प्रथिनाचं एकूण प्रमाण कमी ठेवता येतं आणि शेडमधली घाणही घटते. तय्यबच्या दृष्टीने ती आपल्या बाजूची आहे. काळजी करायचीच असेल तर अँटिबायोटिकची करावी. कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं औषध कोंबड्यांना सर्रास दिलं जायचं. सरकारने जुलै २०१९मध्ये खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांत त्यावर बंदी घातली. तिची अंमलबजावणी शेडपर्यंत किती पोहोचली, हे विचारलं पाहिजे. डीडीजीएसबद्दलही काही जण विचारतात की दारूसारख्या किण्वनाचा चोथा चालेल का. त्यातला अल्कोहोल ऊर्ध्वपातनात निघून जातो आणि नंतर माल उष्णतेवर वाळवला जातो. तरीही शरई निर्णय द्यायचा तो मुफ्ती साहेबांनी. आपलं काम त्यांच्यासमोर खरी माहिती ठेवण्याचं.

मागायचं काय

पहिलं, फीडच्या पोत्यावर क्रूड प्रोटीनबरोबर पचणारं लायसिन आणि मेथिओनिन छापणं बंधनकारक करावं. डीडीजीएस किती आणि प्राणिजन्य घटक असल्यास कोणत्या जनावराचा, हेही लिहावं. मोठ्या कंपन्यांच्या संगणकात हे सगळं आधीच असतं, फक्त कागदावर आणायचं आहे.

दुसरं, करारावरच्या शेतकऱ्याला प्रत्येक बॅचच्या खाद्याचा नमुना सीलबंद ठेवायचा हक्क मिळावा, आणि एफसीआरवरून वाद झाला तर तो तपासला जावा. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालयं नागपूर, मुंबई, परभणी, उदगीर, शिरवळ इथे आहेत. तिथे अमिनो आम्ल आणि अफ्लाटॉक्सिनची तपासणी छोट्या शेतकऱ्याला परवडेल अशा दरात व्हावी. जमातींनी, पतसंस्थांनी आणि शेडवाल्यांच्या गटांनी मिळून हा खर्च उचलणं अवघड नाही.

तिसरं, हलाल प्रमाणपत्राचा विचार जबहच्या सुरीपाशी थांबू नये. तो फीड मिलच्या दारापर्यंत गेला पाहिजे. उलेमा आणि पशुवैद्य एकत्र बसले तर यावर एक साधी, व्यवहारात चालेल अशी यादी तयार होऊ शकते.

चौथं, धोरणाचं. इथेनॉल, मका, सोया आणि कोंबडी यांचे निर्णय वेगवेगळ्या मंत्रालयांत होतात. अमेरिकेबरोबरच्या व्यापारचर्चेत मका, सोयाबीन आणि डीडीजीएस हे विषय येतच राहणार आहेत. स्वस्त परदेशी माल आला तर लातूरच्या सोयाबीन शेतकऱ्याचं काय, आणि नाही आला तर मालेगावच्या चिकनवाल्याचं काय, हे दोन्ही प्रश्न एकाच टेबलावर यायला हवेत. यात हिंदू शेतकरी विरुद्ध मुस्लिम व्यापारी असं कुणी चित्र रंगवायला बघेल. खरं तर सोया पिकवणारा, शेड चालवणारा, कोंबडी कापणारा आणि ती खाणारा एकाच साखळीत आहेत. त्या साखळीत किंमत कोण मोजतो आणि फायदा कुणाला होतो, हे पोत्यावर लिहिलेलं नाही. ते लिहून मागणं, ही सुरुवात आपल्याला आजच करता येईल. पुढच्या वेळी फीडची गाडी शेडवर आली की सुपरवायझरला एवढंच विचारा: या खाद्यात लायसिन किती आहे?